कडी कोणत्या बाजूला?

रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या सर्व्हरची डिस्क भरली. पूर्ण, शंभर टक्के. डेटाबेसला नवी ओळ लिहायला जागा उरली नाही, त्यामुळे कोणाची पोस्ट जाईना, कोणाचं उत्तर येईना, आणि लॉगिन करणाऱ्यांना नुसतं पांढरं पान दिसू लागलं. हा सर्व्हर म्हणजे मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या, पण कोणा एका कंपनीच्या हातात नसलेल्या समाजमाध्यमाचा एक छोटा अड्डा. चारशेच्या आसपास माणसं, त्यातली रोज बोलणारी साठ-सत्तर. सांभाळणारे आम्ही तिघं. त्या रात्री एक जण प्रवासात होता, एक झोपला होता, म्हणून लॅपटॉप उघडून बसणं माझ्या वाट्याला आलं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मॅस्टोडॉनवर आपल्याकडचं कोणी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू लागलं, की त्या माणसाच्या पोस्टबरोबर त्याने टाकलेल्या फोटो-व्हिडिओंची एकेक प्रत आपल्या डिस्कवरही उतरते. आमच्या चारशे जणांचे स्वतःचे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये मावले असते. पण ते ज्या हजारो लोकांना फॉलो करतात त्यांची मांजरं आणि त्यांचे सूर्यास्त साठत साठत सगळी जागा खाऊन बसले होते. अशा जुन्या प्रती दर आठवड्याला आपोआप पुसल्या जाव्यात अशी सोय आम्ही केली होती. तीन महिन्यांपूर्वी एका अपडेटच्या वेळी आम्हीच ती बंद केली आणि पुन्हा सुरू करायला विसरलो. दोष दुसऱ्या कोणाचाच नव्हता.

दीड वाजता सगळं सुरळीत झालं. तोवर ईमेलवर सात निरोप आले होते. सहा जणांनी विचारलं होतं, काही मदत हवी का. सातव्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "यापेक्षा त्या बड्या कंपन्या बऱ्या. निदान चालू तरी असतात."

झोंबलं, कारण त्यात तथ्य आहे. तशा त्याही पडतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सहा तासांच्या आसपास गायब झाले होते. पण असं वर्षानुवर्षांतून एकदा होतं, आणि ते दुरुस्त करायला पगारी इंजिनिअरांची फौज असते. आमच्याकडे विसराळू तिघं. मग माणसांनी इकडे यावंच कशाला, या प्रश्नाला मला सरळ उत्तर द्यायचं आहे, आणि ते देताना आमच्या बाजूची लंगडी कारणंही बाजूला काढायची आहेत.

बड्या कंपन्यांविषयी आपण बोलतो तेव्हा राग पुष्कळ असतो, रोगाचं निदान कमी. मालक लहरी आहे, अल्गोरिदम भांडणं लावतो, जाहिराती डोक्यात जातात, माहिती विकली जाते. यातलं काहीही खोटं नाही. केंब्रिज अ‍ॅनॅलिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती परस्पर गेल्याचं फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितलं, आणि पुढच्या वर्षी फेसबुकला अमेरिकेत ५०० कोटी डॉलरचा दंड झाला. पण दंड झाला, बातम्या आल्या, लोक चिडले, आणि बहुतेक जण तिथेच राहिले. ते बेफिकीर होते म्हणून राहिले असं मला वाटत नाही. तिथून निघताना हात रिकामे राहतात, हे त्यांना ठाऊक होतं. आई, शाळूसोबती, गिऱ्हाईक, वाचक, सगळे आत. आपण एकट्याने बाहेर पडायचं म्हणजे निषेध आपला आणि शिक्षाही आपल्यालाच.

म्हणून मालक चांगला की वाईट, या चर्चेत मला फारसा रस राहिलेला नाही. चांगला मालक उद्या विकून जातो. मला एवढंच पाहायचं असतं, की दाराची कडी आतून आहे की बाहेरून.

ती बाहेरून असली की काय होतं, याचा धडा २०२३ च्या उन्हाळ्यात रेडिटवर मिळाला, आणि तो नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. रेडिटवर हजारो विषयवार मंच आहेत. ते सांभाळणारे मॉडरेटर बिनपगारी. त्यांच्यातले कित्येक कंपनीचं अधिकृत अ‍ॅप वापरत नसत. बाहेरच्यांनी लिहिलेली अ‍ॅप त्यांना सोयीची वाटत. त्यातलं अपोलो हे अ‍ॅप ख्रिश्चन सेलिग नावाचा एकटा प्रोग्रामर चालवायचा. बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटवरचा मजकूर मिळायचा तो जवळपास फुकट. त्या वर्षी कंपनीने दर लावला, दर ५ कोटी विनंत्यांना १२ हजार डॉलर. विनंती म्हणजे अ‍ॅपने रेडिटकडे "हे पान दे", "ही प्रतिक्रिया दे" असं प्रत्येक वेळी मागणं. अपोलोच्या अशा विनंत्या महिन्याला ७०० कोटी. हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. ७०० भागिले ५ म्हणजे १४०. १४० गुणिले १२ हजार म्हणजे महिन्याला १६ लाख ८० हजार डॉलर. वर्षाला २ कोटींच्या घरात. एका माणसाच्या अ‍ॅपला. ३० जूनला अपोलो बंद पडलं.

त्याआधी १२ जूनला निषेध म्हणून आठ हजारांहून अधिक मंचांनी आपली दारं लावून घेतली होती. काही तास असं वाटलं, की बिनपगारी माणसांच्या हातातही काही आहे. मग कंपनीने कळवलं, की मंच बंदच ठेवणार असाल तर तुमच्या जागी दुसरे नेमू. बहुतेक मंच उघडले. काहींनी नाकं मुरडत, काहींनी चेष्टेच्या पोस्टचा रतीब घालत, पण उघडले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली, की त्याच मंचांवरचा मजकूर एआय मॉडेलांच्या प्रशिक्षणासाठी गूगलला वापरू देण्याचा करार झाला आहे, वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा. कोणीतरी दहा वर्षांपूर्वी मध्यरात्री जागून एखाद्या अनोळखी माणसाला नळाची गळती कशी थांबवायची ते समजावलं होतं. ते उत्तर त्या करारात मोजलं गेलं असणार. लिहिणाऱ्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती, कारण सही त्याने खातं उघडतानाच केली होती.

मराठीत लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. मॉडरेटरांनी भाकऱ्या भाजल्या यात मला गैर वाटत नाही. आवड म्हणून माणूस पुष्कळ काही करतो. पण तवा, पीठ आणि चूल दुसऱ्याची होती, आणि रागावून उठलं तर ताटही तिथेच ठेवून जावं लागणार होतं.

ट्विटरने तर याहून उघडा प्रकार केला. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलरला ती कंपनी घेतली. लोक बाहेर पडू लागले, जाताना आपला मॅस्टोडॉनचा पत्ता सांगू लागले. डिसेंबरात तिथलं मॅस्टोडॉनचं खातं बंद केलं गेलं, आणि १८ तारखेला नियम आला, की दुसऱ्या समाजमाध्यमांवरच्या आपल्या खात्याचा दुवा द्यायचा नाही. ओरड इतकी झाली, की तो नियम एका दिवसातच मागे घ्यावा लागला. पण घर सोडताना दारावर नवा पत्ता लिहून ठेवायचीही बंदी, ही कल्पना कोणाच्या तरी डोक्यात आली आणि ती राबवण्याची ताकद त्याच्याकडे होती, एवढं त्या दिवसाने दाखवून दिलं.

आता आमच्या बाजूची गोष्ट. मॅस्टोडॉन हे एक ठिकाण नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत आणि ते एकाच बोलीत एकमेकांशी बोलतात. त्या बोलीचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब, आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. ईमेलसारखंच आहे हे. माझं खातं एका कंपनीकडे, तुमचं दुसरीकडे, तरी पत्र पोचतं. मॅस्टोडॉन जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये लोकांसमोर आणलं, पण कल्पना जुनी. इव्हान प्रोड्रोमू यांनी आयडेंटिका नावाचं खुलं मायक्रोब्लॉगिंग २००८ मध्येच सुरू केलं होतं, आणि तेच पुढे अ‍ॅक्टिव्हिटीपब लिहिणाऱ्यांतही होते. २०१० मध्ये न्यूयॉर्कमधल्या चार विद्यार्थ्यांनी 'डायस्पोरा'साठी लोकांकडे १० हजार डॉलर मागितले आणि २ लाखांवर मिळाले. म्हणजे अविश्वास तेव्हाही होता, त्यासाठी पैसे मोजायची तयारीही होती. नेटवर्क मात्र मोठं झालं नाही.

का झालं नाही, याचं उत्तर आमच्या गोटात फारसं कोणाला आवडत नाही. अविश्वासाच्या बळावर माणसं घर सोडतात, पण नव्या घरात ती त्या बळावर टिकत नाहीत. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मॅस्टोडॉनवर महिन्याला वावरणाऱ्यांची संख्या ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. नंतर ओहोटी लागली आणि निम्म्याहून अधिक लोक दिसेनासे झाले. नव्याचे नऊ दिवस. आमच्याकडे त्या लाटेत आलेले दीडशे जण होते. वर्षभरानंतर त्यातले चाळीस उरले. उरलेले कोण, हे पाहिलं तर गंमत आहे. ज्यांनी पहिल्या आठवड्यात जुन्या मालकाला शिव्या दिल्या त्यातला जवळपास कोणीच उरला नाही. उरले ते पक्षीनिरीक्षक, दोन गणिताचे शिक्षक, विणकाम करणाऱ्यांचा एक गट, आणि जुने रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस, जो रोज एका व्हॉल्व्हचा फोटो टाकतो आणि त्याला अकरा लाइक पडतात.

दुसरी न आवडणारी गोष्ट अशी, की विकेंद्रीकरणाने विश्वासाची गरज संपत नाही. तो फक्त जवळच्या माणसावर टाकावा लागतो. मॅस्टोडॉनवर तुम्ही एखाद्याला खासगी म्हणून जे लिहिता ते टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतं. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो ते वाचू शकतो. मी आमच्या चारशे जणांचं वाचू शकतो. वाचत नाही, पण हे माझ्या शब्दावर आहे, आणि माझा शब्द म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या तीनशे नव्वद जणांना माहीत नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेत एफबीआयने एका माणसाच्या घरावर वेगळ्याच प्रकरणात छापा घातला. तो चळवळीतल्या लोकांच्या 'कोलेक्टिव्हा' या सर्व्हरचा एक अ‍ॅडमिन होता, आणि डेटाबेसची प्रत त्या वेळी त्याच्याकडे कुलूप न लावलेल्या स्थितीत होती. ती जप्त झाली. सरकारी नजरेपासून दूर म्हणून जमलेल्या लोकांचे संदेश, ईमेल पत्ते, सगळं त्या पेटीत. बड्या कंपनीकडे निदान वकिलांची फळी असते.

पत्त्यांचंही तसंच. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या माली देशाच्या सरकारने .एमएल या आपल्या डोमेनचा, म्हणजे वेबपत्त्याच्या शेपटीचा, कारभार परत स्वतःकडे घेतला आणि त्या नावावरचा लेमी या रेडिटसारख्या खुल्या माध्यमाचा एक सर्व्हर बसल्या जागी गायब झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्विअर.एएफ' या सर्व्हरचं नाव तालिबानच्या राजवटीने रद्द केलं, कारण .एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन. गमतीचं नाव म्हणून घेतलेला पत्ता कोणाच्या हातात आहे, हे घेताना कोण पाहतो?

आणि घाणीचं काय? विकेंद्रित म्हणजे आपोआप सज्जन, हा भाबडेपणा सोडून द्यावा. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये अशा विकेंद्रित सर्व्हरांवरच्या दोन दिवसांतल्या सव्वातीन लाख सार्वजनिक पोस्ट तपासल्या, त्यांत लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची आधीपासून माहीत असलेली ११२ चित्रं सापडली. ज्या सर्व्हरवर हे चालतं तिथला अ‍ॅडमिन एक तर हतबल असतो किंवा सामील. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये गॅब हे द्वेषाने भरलेलं माध्यम मॅस्टोडॉनच्या कोडवर आलं, तेव्हा बहुतेक सर्व्हरांनी आपापलं ठरवून त्याच्याशी बोलणंच बंद केलं. वरून कोणाचा हुकूम नव्हता. गॅब चालू राहिलं, पण त्याचा आवाज आमच्या अंगणात आला नाही. कोणाचं तोंड दाबलं नाही आणि कोणाच्या कानात जबरदस्तीने ओतलंही नाही. मला ही व्यवस्था एका कंपनीच्या एका बटनापेक्षा जास्त शहाणपणाची वाटते.

पण त्याच हत्याराने शेजाऱ्यांची डोकीही फुटतात. एका रविवारी सकाळी माझ्या लक्षात आलं, की एका मैत्रिणीच्या पोस्ट चार दिवसांत दिसल्या नाहीत. वाटलं, आजारी असेल. मग कळलं, की तिच्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन आणि आमच्यातला एक जण यांची कुठल्याशा धाग्यात जुंपली होती, आणि आमच्या माणसाने रात्री तिरीमिरीत त्यांचा अख्खा सर्व्हर तोडून टाकला होता. सकाळी भांडण मिटलं, बंदी उठली. पण मॅस्टोडॉनवर सर्व्हर असा तोडला की त्या दोन बाजूंमधली फॉलोची नाती कायमची तुटतात; बंदी उठली म्हणून ती परत जोडली जात नाहीत. माझी एकोणीस नाती गेली, आमच्या सगळ्यांची मिळून तीनशेच्या वर. दोन माणसांच्या अहंकारापायी. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, की अख्खा सर्व्हर तोडायचा असेल तर तिघांपैकी दोघांची संमती लागते आणि मध्ये एक रात्र जाऊ द्यावी लागते. नियम साधा आहे, पण तो सुचायला तीनशे नाती मोजावी लागली.

मग फरक काय राहिला? माझ्या मते एवढाच, आणि तो पुरेसा आहे. इथे टाकलेला विश्वास परत घेता येतो. मॅस्टोडॉनवर नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं, तिथे जुन्या खात्याची नोंद करायची, जुन्या खात्यात जाऊन 'स्थलांतर' दाबायचं. तुमचे फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. त्यांना काही करावं लागत नाही. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी एका फाइलीत उतरवून नव्या जागी चढवता येते. जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात, आणि ही उणीव छोटी नाही; दहा वर्षं लिहिलेलं टाकून जाणं कोणालाही जड जातं. शिवाय जुना सर्व्हर न सांगता मेला तर यातलं काहीच करता येत नाही. दार आहे, पण घर जळायच्या आत बाहेर पडावं लागतं.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या माध्यमाने यावर जास्त विचार केला आहे हे कबूल करायला हवं. त्यांच्या एटी प्रोटोकॉल या बोलीत माणसाची ओळख सर्व्हरला बांधलेली नसते, त्यामुळे पोस्टसकट घर हलवता येतं. आपलीच कंपनी उद्या शत्रू होईल असं धरून रचना करा, असं तिथली मंडळी स्वतःच म्हणत आली आहेत; हे मला आवडतं. पण बहुसंख्य खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत, ओळखींची मुख्य नोंदवही कंपनीनेच उभी केलेली आहे, आणि पाठीशी परतावा मागणारं भांडवल आहे. कडी आतून बसवली आहे खरी. ती हलते का, हे कोणी फारसं करून पाहिलेलं नाही.

खुली बोली असली म्हणजे झालं, असंही नाही. गूगलचं गप्पांचं साधन गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या बोलीवर आलं, २००६ मध्ये दुसऱ्या सर्व्हरांशी बोलू लागलं, लोक खूश झाले. २०१३ मध्ये गूगलने हँगाउट्स आणलं आणि बाहेरच्यांशी बोलणं सोडून दिलं. छोट्या सर्व्हरवरच्या माणसांना एके दिवशी कळलं, की त्यांचे बहुतेक मित्र भिंतीपलीकडे आहेत. ईमेलची बोली आजही खुली आहे, पण स्वतःचा मेल सर्व्हर चालवून पाहा. तुमची पत्रं बड्यांच्या स्पॅमच्या टोपलीत कशी जाऊन पडतात ते महिन्याभरात कळेल. म्हणून जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने थ्रेड्स हे ट्विटरसारखं माध्यम आणलं आणि आम्हीही अ‍ॅक्टिव्हिटीपब बोलणार असं सांगितलं, तेव्हा शेकडो अ‍ॅडमिनांनी त्यांना आधीच तोडायची शपथ घेतली. त्यांची भीती मला समजते. तरी आम्ही तोडलं नाही. ज्याची बहीण थ्रेड्सवर आहे त्याला तिचं बोलणं इथे बसून ऐकता येत असेल, तर तिकडे खातं उघडायचं आणखी एक कारण कमी होतं. सोवळं पाळून आपण शुद्ध राहू, पण एकटे राहू. ज्या सर्व्हरला तोडायचं त्याने खुशाल तोडावं. तो हक्क आहे म्हणून तर हा सगळा खटाटोप.

उरतो पैसा. आमच्या चारशेपैकी एकतीस जण दरमहा काहीतरी देतात. त्यावर सर्व्हरचं भाडं निघतं, आमचा वेळ निघत नाही. पंधरा-वीस वर्षं सगळं फुकट वापरल्यामुळे इंटरनेटवरच्या जागेलाही झाडलोट लागते हे आपण विसरून गेलो आहोत, आणि विसरण्यात आमचाही वाटा आहे, कारण वर्गणी मागायची आम्हालाच लाज वाटते. केवळ हौशींच्या पदरमोडीवर हे चालणार नाही, असं माझं मत झालं आहे. ज्यांना सार्वजनिक बोलायचं असतं त्या संस्थांनी आपापले सर्व्हर चालवावेत. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या सरकारांनी आपल्या खात्यांसाठी ते केलं, बीबीसीने प्रयोग म्हणून केलं. आणि केल्यावर सांभाळावेतही. युरोपीय संघाच्या संस्थांसाठी एप्रिल २०२२ मध्ये 'ईयू व्हॉइस' नावाचा सर्व्हर थाटात सुरू झाला आणि मे २०२४ मध्ये बंद पडला, कारण तो पुढे चालवायला कोणी मालकी घेईना. एवढ्या मोठ्या कारभारात चारशे माणसांच्या अड्ड्याइतकी जागा सांभाळायला कोणी सापडलं नाही, हे वाचून मला त्या रात्रीच्या भरलेल्या डिस्कविषयी जरा कमी अपराधी वाटलं.

आणि कायदा. मोबाइल कंपनी बदलताना नंबर आपल्याबरोबर येतो. हा उदारपणा कोणत्या कंपनीने आपण होऊन दाखवला नव्हता, नियम झाले म्हणून तो आला. युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरला दुसऱ्या अ‍ॅपशी निरोपांची देवाणघेवाण करू देणं बंधनकारक केलं, पण समाजमाध्यमांना त्या कलमातून वगळलं. माझ्या मते चूक झाली. आपली माहिती डाउनलोड करायचं बटन आता सगळेच देतात; झिप फाइल मिळते, तीत आपलेच जुने फोटो असतात. माणसं मिळत नाहीत. फॉलोअरांसकट जाण्याचा हक्क कायद्याने दिला, तर बड्या कंपन्यांत राहणाऱ्यांचंही भलं होईल, कारण उठून जाऊ शकणाऱ्याशी नीट वागावं लागतं. विकेंद्रित माध्यमं किती मोठी झाली यापेक्षा त्यांनी हा हक्क शक्य आहे हे करून दाखवलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

डिस्क भरली त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही स्वतःकडे पाहिलं. मॅस्टोडॉनच्या मुख्य यादीत यायचं तर सर्व्हरला चार गोष्टी कबूल कराव्या लागतात. द्वेषाविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, अडीअडचणीला किल्ली असलेला किमान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. चारही आम्ही कबूल केल्या होत्या. बॅकअप रोज होत होता, पण त्याच डिस्कवर. आता तो दुसरीकडे जातो.

सातव्या गृहस्थांनी महिन्याभराने सर्व्हर बदलला. मला विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. त्यांचे तीनशेवीस फॉलोअर दुपारी चारला निघाले आणि रात्रीपर्यंत बहुतेक सगळे पोचले. त्यात मीही होतो. दुसऱ्या दिवशी नव्या पत्त्यावरून त्यांची पहिली पोस्ट माझ्या टाइमलाइनवर आली. आमच्या सर्व्हरचं नाव घेऊन तक्रार होती, त्या रात्री तो अडीच तास बंद होता असंही लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, "दोन तास. अडीच नव्हेत." त्यांनी लाइक केलं.